मोजून मदत करणारा अर्थशास्त्रज्ञ : डॉ. धनंजयराव गाडगीळ

कोणत्याही सामाजिक संस्थेचा वार्षिक अहवाल उघडून पाहावा. किती विद्यार्थ्यांना वह्या-पुस्तके दिली, किती विधवा भगिनींना शिलाई यंत्रे दिली, रमजानच्या महिन्यात किती घरी धान्य पोचविले, एकूण किती रुपये खर्च झाले, हे सारे त्यात ठळक अक्षरांत छापलेले असते. देणगीदारांना हिशेब मिळतो, त्यांचे समाधान होते, आणि ते व्हावयासही हवे. परंतु ज्या घरी मदत पोचली ते घर दोन वर्षांनी कोठे आहे, ते आपल्या पायावर उभे राहिले की पुन्हा कोणाच्या तरी दारात उभे आहे, हा आकडा मात्र त्या अहवालात बहुधा सापडत नाही.

नांदेड व लातूर या भागात आपल्या समाजातील पुष्कळ कुटुंबे हमाली, हातगाडी, शिवणकाम, फळभाजीची विक्री, गवंडीकाम अशा रोजच्या कमाईवर जगतात. त्यांच्यासाठी जकात निधी आहेत, शिष्यवृत्त्या आहेत, महिलांचे बचत गट आहेत, पतसंस्था आहेत आणि सन २००० पासून मौलाना आझाद आर्थिक विकास महामंडळही आहे. मदत करणारे हात आहेत. त्या हातांनी नेमके काय साधले हे पाहण्याची सवय मात्र आपल्याकडे अजून रुजावयाची आहे. ही सवय महाराष्ट्राला ज्यांनी शिकविली त्यांत डॉ. धनंजय रामचंद्र गाडगीळ यांचे नाव अग्रभागी घ्यावे लागते. म्हणून त्यांच्या जीवनकार्याचा हा अल्प परिचय पालक व विद्यार्थी बंधुभगिनींसमोर ठेवीत आहोत.

शिक्षण आणि पहिला ग्रंथ

धनंजयरावांचा जन्म १० एप्रिल १९०१ रोजी नाशिक येथे झाला. त्यांचे शालेय शिक्षण नागपुरास झाले. पुढे ते इंग्लंडला केंब्रिज विद्यापीठात गेले व तेथे त्यांनी अर्थशास्त्राचा अभ्यास केला. आधुनिक काळात हिंदुस्थानातील उद्योगधंद्यांत कोणकोणती स्थित्यंतरे घडली, जुने कारागीर कसे मागे पडले व नवे कारखाने कसे उभे राहिले, या विषयावरील त्यांचा प्रबंध १९२४ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाला. त्या वेळी त्यांचे वय अवघे तेवीस वर्षांचे होते. हा ग्रंथ पुढे कित्येक पिढ्यांतील विद्यार्थ्यांनी अभ्यासला.

एवढे शिक्षण व एवढे नाव पदरी असता मोठ्या सरकारी अधिकाराची जागा मिळविणे त्यांना कठीण नव्हते. परंतु त्यांनी अध्यापनाचा मार्ग धरला. सुरत येथील महाविद्यालयाचे प्राचार्यपद त्यांनी काही वर्षे सांभाळले. १९३० साली रावबहादूर रा. रा. काळे यांच्या देणगीतून पुण्यात गोखले अर्थशास्त्र संस्था स्थापन झाली आणि तिचे पहिले संचालक म्हणून धनंजयराव पुण्यास आले. १९६६ पर्यंत, म्हणजे सुमारे छत्तीस वर्षे, त्यांनी ही धुरा वाहिली.

गावोगाव फिरणारी संस्था

त्या काळी अर्थशास्त्र म्हटले की इंग्रजी ग्रंथ, सरकारी अहवाल आणि व्याख्याने असाच समज होता. गरिबीवर भाषणे पुष्कळ होत. गरीब कुटुंबाच्या घरात महिन्याकाठी किती पैसे येतात, किती जातात व कर्ज कोणाचे आहे, हे दारात जाऊन विचारणारे थोडे होते. धनंजयरावांनी आपल्या संस्थेला हे काम लावून दिले. तिचे कार्यकर्ते छापील प्रश्नपत्रके घेऊन गावोगाव व गल्लोगल्ली जाऊ लागले.

सातारा जिल्ह्यातील वाई तालुक्यात त्यांनी शेतीच्या धंद्याची पाहणी केली. शेतकऱ्याला बियाणे, बैल, मजुरी यांचा खर्च वजा जाता हाती काय उरते, याचा त्यात शोध घेतला. मुंबई इलाख्याच्या दख्खन भागातील शहरी हस्तव्यवसायांवर, म्हणजे विणकर, तांबट अशा कारागिरांच्या धंद्यांवर, संस्थेतर्फे ना. म. जोशी यांनी लिहिलेला ग्रंथ १९३६ साली निघाला. पुणे शहरातील कुटुंबांची घरोघर पाहणी झाली व तिचे दोन भाग १९४५ आणि १९५२ साली प्रसिद्ध झाले.

गोदावरी व प्रवरा या नद्यांच्या कालव्यांमुळे लोकांचा किती फायदा झाला, हे पाहण्याचे कामही संस्थेने केले. १९४८ साली तो अहवाल छापला गेला. त्याची रीत आजही ध्यानात ठेवण्याजोगी आहे. कालव्यावर किती खर्च झाला आणि किती एकर भिजले, एवढ्यावर धनंजयराव थांबले नाहीत. पाणी मिळालेल्या गावांची त्यांनी शेजारच्या कोरडवाहू गावांशी तुलना केली. शेतकऱ्याच्या प्रत्यक्ष उत्पन्नाबरोबरच मजुराला किती काम मिळाले, इतर धंद्यांना किती बरकत आली, असे अप्रत्यक्ष फायदेही हिशेबात धरले. ज्यांना लाभ मिळाला त्यांच्या शेजारी ज्यांना मिळाला नाही ते उभे केल्यावाचून लाभाची खरी उंची समजत नाही, हे तत्त्व त्या पाहणीच्या मुळाशी होते.

शाळेने काय दिले?

आपल्या संस्थेच्या वाचकांना विशेष जवळचे वाटेल असे एक काम सातारा जिल्ह्यातील प्राथमिक शिक्षणासंबंधीचे आहे. शाळेच्या पटावर किती मुले आहेत यावरून शिक्षणाची प्रगती सांगण्याची पद्धत तेव्हाही होती व आजही आहे. धनंजयराव आणि त्यांचे तरुण सहकारी वि. म. दांडेकर यांनी प्रश्न निराळा विचारला. जी मुले शाळेत आली व काही इयत्ता शिकून निघून गेली, ती मोठेपणी लिहू-वाचू शकतात काय? की शिकलेले सारे विसरून ती पुन्हा निरक्षर झाली? मुले मध्येच शाळा का सोडतात आणि एकाच इयत्तेत का अडकून पडतात, याचाही त्यांनी शोध घेतला. या दोन पाहण्यांचे अहवाल १९५५ साली एकत्र प्रसिद्ध झाले.

विद्यार्थी मित्रांनो, या प्रश्नाचे वेगळेपण नीट ध्यानात घ्या. पटावरची संख्या हे शाळेने केलेले काम झाले. वर्षांनंतर त्या माणसाच्या अंगी काय उरले, हे त्या कामाचे फळ होय. मुलगी सातवीत असता शिष्यवृत्ती दिली, हे काम. ती दहावी पार करून पुढे शिकली, किंवा एखादे कौशल्य मिळवून घरात चार पैसे आणू लागली, हे फळ. कामाची नोंद ठेवणे सोपे असते, कारण ते आपल्या कार्यालयात घडते. फळाची नोंद ठेवण्यासाठी दुसऱ्याच्या घरी जावे लागते, तेही काही वर्षांनी, आणि कधी कधी निराश होण्याची तयारी ठेवून.

ग्रंथातून कारखान्याकडे

धनंजयराव केवळ मोजणारे असते तर त्यांचे नाव विद्यापीठांपुरते राहिले असते. परंतु दुर्बळ माणसाने एकट्याने झगडण्यापेक्षा सहकाराने एकत्र यावे, अशी त्यांची दृढ श्रद्धा होती व ती त्यांनी कृतीत आणली. आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातील लोणी या गावी विठ्ठलराव विखे पाटील हे शेतकरी कार्यकर्ते होते. त्यांचे शालेय शिक्षण फारसे झाले नव्हते, पण शेतकऱ्यांची नड त्यांना पुरती ठाऊक होती. ऊस पिकवावयाचा शेतकऱ्याने आणि भाव ठरवावयाचा दुसऱ्याने, ही स्थिती बदलण्यासाठी शेतकऱ्यांनी स्वतःच साखर कारखाना काढावा, असा विचार पुढे आला.

शेतकऱ्यांकडून भांडवल गोळा करावयाचे, सरकार व बँक यांची खात्री पटवावयाची, यंत्रे आणावयाची, हे सर्व धाडसाचेच होते. या कामी मुंबई राज्याचे अर्थ व सहकार मंत्री वैकुंठभाई मेहता यांचे साहाय्य झाले. प्रवरानगरच्या या सहकारी कारखान्याचे अध्यक्षपद धनंजयरावांनी स्वीकारले, विठ्ठलराव उपाध्यक्ष झाले आणि १९५० च्या अखेरीस गाळप सुरू झाले. केंब्रिजचा पदवीधर आणि खेड्यातला शेतकरी एका मंडळावर शेजारी बसून हिशेब तपाशीत आहेत, हे दृश्य त्या काळी नवेच होते. पुढे महाराष्ट्रात जे सहकारी साखर कारखाने निघाले, त्यांना वाट या कारखान्याने दाखविली.

शंभरातले तीन रुपये

यानंतर धनंजयरावांच्या आयुष्यातील अत्यंत कसोटीचे काम आले. खेड्यातील माणसाला कर्ज कोण देतो, किती देतो आणि त्यातून त्याचे काय होते, याची देशभर पाहणी करण्याचे रिझर्व्ह बँकेने १९५१ साली ठरविले. अ. द. गोरवाला हे या समितीचे अध्यक्ष होते, तर धनंजयराव गाडगीळ, बी. व्यंकटप्पय्या व एन. एस. आर. शास्त्री हे तिचे सदस्य होते. देशातील ७५ जिल्हे, ६०० गावे आणि १ लाख २७ हजारांवर कुटुंबे यांची माहिती गोळा झाली. त्या वेळच्या हैदराबाद राज्याचाही, म्हणजे आपला मराठवाडा ज्यात होता त्या राज्याचाही, या पाहणीत समावेश होता.

सहकारी पतपेढ्यांचा कायदा देशात १९०४ साली झाला होता. जवळजवळ अर्धे शतक सहकाराचा प्रचार चालू होता. संस्थांची संख्या, सभासदांची संख्या, भागभांडवल यांचे आकडे दरवर्षी वाढत होते. तेव्हा निदान एवढ्या काळात सावकाराची मगरमिठी सैल झाली असेल, अशी अपेक्षा होती. आकडे हाती आले ते असे. शेतकऱ्याने घेतलेल्या दर शंभर रुपयांच्या कर्जापैकी सहकारी संस्थांकडून आलेले होते ३ रुपये १० पैसे. सरकारकडून ३ रुपये ३० पैसे. व्यापारी बँकांकडून रुपयाही पुरा नव्हता. नातेवाइकांकडून सुमारे १४ रुपये. धंदेवाईक सावकार व शेती करणारे सावकार मिळून जवळजवळ ७० रुपये.

हा आकडा छापणे धनंजयरावांना किती जड गेले असेल याची कल्पना करावी. ज्या चळवळीसाठी त्यांनी आपली बुद्धी व प्रतिष्ठा पणाला लावली होती, ती गरिबाच्या घरापर्यंत फारशी पोचलीच नाही, असे त्या अहवालाखाली सही करून जगाला सांगावयाचे होते. संस्थांची वाढती संख्या पुढे करून हे तीन रुपये झाकता आले असते. एखादे उत्तम गाव निवडून त्याचे कौतुक करता आले असते. त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी तसे केले नाही. डिसेंबर १९५४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अहवालात हा अपयशाचा आकडा उघडपणे मांडला गेला. जे काही सहकारी कर्ज मिळत होते त्यातही मोठ्या शेतकऱ्यांचा वाटा मोठा व लहानांचा लहान होता, हेही त्यात नमूद झाले.

आकड्यानंतरचे काम

अपयशाचा आकडा हाती आल्यावर दोन वाटा असतात. काम सोडून द्यावयाचे, किंवा ते का फसले याचा छडा लावावयाचा. समितीने दुसरी वाट धरली. सहकार अयशस्वी झाला असला तरी त्यावाचून गरिबाला दुसरा मार्ग नाही, तेव्हा तो यशस्वी होईल अशी व्यवस्था केली पाहिजे, असा तिचा निष्कर्ष होता.

कारणे साधी पण खोल होती. संस्था जमीन तारण मागत, म्हणून ज्याच्याजवळ जमीन थोडी त्याला कर्जही थोडे. संस्था कर्ज देई, पण माल विकावयास शेतकरी पुन्हा त्याच सावकार-व्यापाऱ्याच्या आडतीवर जाई, म्हणून एका हाताने आलेला पैसा दुसऱ्या हाताने जाई. गावची संस्था इतकी दुबळी की एका दुष्काळात ती मोडून पडे. माल साठवावयास गोदाम नाही, म्हणून सुगीच्या दिवसांत पडेल भावाने विकणे भाग पडे.

त्यावरील उपायही एकमेकांशी जोडलेले होते. कर्ज जमिनीकडे पाहून देण्याऐवजी येणाऱ्या पिकाकडे पाहून द्यावे. कर्ज व विक्री यांची सांगड घालावी. संस्थांच्या भांडवलात सरकारने भागीदार व्हावे. गोदामे बांधावीत. संस्था चालविणाऱ्या माणसांना शिक्षण द्यावे. या अहवालाच्या शिफारशीनुसार इम्पीरियल बँकेचे रूपांतर होऊन १ जुलै १९५५ रोजी स्टेट बँक ऑफ इंडिया अस्तित्वात आली व तिच्या शाखा लहान गावांकडे वळल्या. दहा वर्षांनंतर, १९६१-६२ साली, पुन्हा पाहणी झाली तेव्हा शेतकऱ्यांच्या कर्जातील सहकारी संस्थांचा वाटा सुमारे १५ टक्क्यांपर्यंत आला होता. तीनावरून पंधरा. हे पुरे नव्हते, परंतु किती बाकी आहे हे आता ठाऊक होते.

कोण राहून गेले?

कोणत्याही थोर पुरुषाच्या कार्याला मर्यादा असतात. पिकाकडे पाहून कर्ज देण्याची योजना कितीही चांगली असली तरी ज्याच्याजवळ शेतच नाही त्याला तिचा उपयोग नव्हता. भूमिहीन मजूर, गावातील कारागीर, शहरातील हातगाडीवाला हे या चौकटीबाहेर राहिले. सहकारी कारखान्यांनी काही भागांचे रूप पालटले, पण काही ठिकाणी त्यांची सूत्रे मोठ्या बागायतदारांच्या हाती एकवटली. सरकारच्या भागीदारीबरोबर राजकारणही संस्थांत शिरले. आणि पाण्याच्या आधारावर उभा राहिलेला हा विकास कोरडवाहू मराठवाड्यात तितक्या लवकर आला नाही.

आपला समाज नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर यांसारख्या गावांतून मोठ्या प्रमाणावर याच चौकटीबाहेरच्या वर्गात आहे, हे पालकांना सांगावयास नको. परंतु या उणिवाही धनंजयरावांच्याच परंपरेने उघडकीस आणल्या. त्यांच्यानंतर गोखले संस्थेचे संचालक झालेले वि. म. दांडेकर व नीलकंठ रथ यांनी भारतातील दारिद्र्यावर जो अभ्यास केला, तो १९७१ साली पुस्तकरूपाने आला व देशभर गाजला. पुढे महाराष्ट्र शासनाने १९८३ साली प्रादेशिक असमतोल मोजण्यासाठी समिती नेमली ती याच दांडेकरांच्या अध्यक्षतेखाली. १९८४ च्या त्या अहवालाने मराठवाड्याचा अनुशेष सुमारे ७५० कोटी रुपयांचा ठरविला. आपला भाग मागासलेला आहे हे तोपर्यंत आपण म्हणत होतो. त्या दिवसापासून ते किती, कोठे व कशात, हे कागदावर आले आणि मागणीला बळ आले. मुसलमान समाजाच्या स्थितीबाबत २००६ साली सच्चर समितीच्या अहवालाने हेच केले.

अखेरची वर्षे

१९६६ साली धनंजयराव पुणे विद्यापीठाचे कुलगुरू झाले आणि १९६७ साली त्यांना नियोजन मंडळाच्या उपाध्यक्षपदी बोलावण्यात आले. केंद्र सरकार राज्यांना जी मदत देते ती कोणाच्या मर्जीवर अवलंबून राहू नये, तिला निश्चित कसोट्या असाव्यात, यासाठी ठरलेले सूत्र त्यांच्याच नावाने ओळखले जाते. १९६९ च्या या सूत्रात ६० टक्के भार लोकसंख्येला होता. उरलेले चाळीस टक्के दरडोई उत्पन्न, कर गोळा करण्याचा प्रयत्न, चालू असलेले पाटबंधारे व वीज प्रकल्प आणि राज्याच्या खास अडचणी यांत प्रत्येकी दहा टक्क्यांप्रमाणे विभागले होते.

त्याच वर्षी त्यांच्या अध्यक्षतेखालील अभ्यासगटाने बँकांच्या कामासंबंधी अहवाल दिला. बँका मोठ्या शहरांत दाटल्या आहेत व गरीब प्रदेश मोकळे पडले आहेत, तेव्हा एकेका भागाची गरज पाहून काम वाटून द्यावे, अशी त्याची दिशा होती. त्यातूनच पुढे प्रत्येक जिल्ह्याला एक अग्रणी बँक नेमण्याची पद्धत सुरू झाली. आज नांदेड किंवा लातूरमध्ये एखादा तरुण बँकेत कर्जाचा अर्ज घेऊन जातो तेव्हा जिल्ह्याच्या ज्या वार्षिक पतआराखड्याचा उल्लेख होतो, त्याचे मूळ या विचारात आहे.

१९७१ साली दिल्लीतील जबाबदारी संपवून ते पुण्याकडे परत निघाले. ३ मे १९७१ रोजी त्या प्रवासातच हृदयक्रिया बंद पडून त्यांचे निधन झाले. त्यांचे वय सत्तर वर्षांचे होते. प्रसिद्ध पर्यावरणतज्ज्ञ माधव गाडगीळ हे त्यांचे चिरंजीव.

आपल्या मोहल्ल्यात हे कसे करावे?

एवढ्या मोठ्या देशव्यापी पाहणीचा आपल्या लहानशा संस्थेला काय उपयोग, असे कोणी विचारील. एक साधे उदाहरण घेऊ. समजा, एका भगिनीला संस्थेने शिलाई यंत्र दिले. अहवालात एक यंत्र लिहिले गेले. आता तिच्या घरी पाहू. कापड तिला व्यापाऱ्याकडून उधार घ्यावे लागते आणि शिवलेला माल त्यालाच, तो म्हणेल त्या मजुरीत द्यावा लागतो. मुलाच्या आजारपणात तिने दरमहा शेकडा पाच व्याजाने दोन हजार रुपये घेतले आहेत. म्हणजे महिन्याला शंभर रुपये केवळ व्याजाचे, वर्षाला बाराशे, आणि मुद्दल जसेच्या तसे. यंत्र चालते आहे, ती राबते आहे, पण शिल्लक दुसऱ्याच्या खिशात जाते आहे. तिला दुसऱ्या यंत्राची गरज नाही. आधी ते कर्ज फिटणे आणि चार भगिनींनी मिळून एकत्र कापड आणणे ही तिची गरज आहे. गाडगीळांच्या समितीने कर्ज व विक्री यांची सांगड घालावयास सांगितली ती याचसाठी. परंतु हे कळण्यास कोणी तरी तिच्या घरी जाऊन विचारावयास हवे.

त्यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. शंभर पानांची एक वही पुरे. मदत देतानाच प्रत्येक कुटुंबाबद्दल काही गोष्टी लिहून ठेवाव्यात : घरात कमावणारे किती व महिन्याची प्राप्ती किती, कर्ज किती व कोणाचे, व्याज काय, वर्षातले किती महिने उधारीवर जातात, शाळेच्या वयाची मुले किती व त्यांतली प्रत्यक्ष शाळेत जाणारी किती. एक वर्षाने आणि पुन्हा तीन वर्षांनी हेच प्रश्न विचारावेत. जी कुटुंबे पुन्हा मदत मागावयास आली नाहीत त्यांच्याकडेही जावे, कारण ती सावरली म्हणून आली नाहीत की शहर सोडून पुण्या-मुंबईकडे मजुरीस गेली, हे वहीवरून कळत नाही.

निधी अपुरा पडल्यामुळे ज्यांना मदत देता आली नाही अशा काही कुटुंबांचीही नोंद ठेवावी. कालव्याच्या गावाशेजारी कोरडवाहू गाव उभे करावे तसे. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते. अशा वर्षी साऱ्यांचीच कमाई खालावते, तो योजनेचा दोष नव्हे. उलट सुकाळात सारेच सावरतात, तेव्हा ते सारे श्रेय संस्थेने घेऊ नये. मदत मिळालेले व न मिळालेले यांच्यात काय अंतर पडले, तेवढेच आपले काम.

या कामात दोन मोह टाळावे लागतील. आकडा चांगला दिसावा म्हणून जे कुटुंब आपोआपच सावरले असते अशालाच निवडण्याचा मोह पहिला. तसे केले की अहवाल सुंदर होतो आणि खरा नडलेला माणूस दाराबाहेर राहतो. दुसरा मोह गरिबाची माहिती चारचौघांत मांडण्याचा. त्या वहीतले नाव सभेत वाचले जाऊ नये, छायाचित्र छापले जाऊ नये. बेरीज सर्वांना सांगावी, घराची गोष्ट मात्र घराचीच राहू द्यावी.

वरच्या वर्गातील विद्यार्थी हे काम उत्तम करू शकतील. टक्केवारी, सरासरी, व्याज हे गणित पुस्तकात त्यांनी शिकलेले असते. ते आपल्याच गल्लीतल्या एखाद्या घराला लागू केले म्हणजे त्या गणिताचा अर्थ कळतो. सुट्टीत पाच-पाच घरे एकेकाने घेतली तरी वही भरेल. पालकांनीही संस्थेच्या सभेत किती वाटले हे विचारून झाल्यावर किती कुटुंबांना पुढच्या वर्षी घ्यावे लागले नाही, हेही विचारावे. पहिल्या वर्षी उत्तर कदाचित शंभरात तीन असे येईल. त्याने खट्टू होऊ नये आणि तो आकडा लपवूही नये. धनंजयरावांच्या समितीनेही शंभरातल्या तीनापासूनच सुरुवात केली होती.